एका साखरेची उणीव: हायफाची दोन मुले आणि मुंबईचा रक्तगट

पेशीच्या आत सगळे ठाकठीक असून केवळ तिचा पृष्ठभाग बदलला तर काय होते? या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उत्तर इस्रायलमधल्या दोन आजारी मुलांच्या रक्तात सापडले. त्या शोधाला वाट दाखवली ती मुंबईत पहिल्यांदा ओळखल्या गेलेल्या एका रक्तगटाने. आपल्याकडे या रक्तगटाची चर्चा होते ती बहुतेक वेळा रक्तदात्याच्या धावपळीपुरती. त्याचा हा दुसरा अध्याय मराठीत फारसा सांगितला गेलेला नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

रुग्ण

इस्रायलमधल्या हायफा शहराचे बालरोगतज्ज्ञ अमोस एट्झिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन मुलग्यांची माहिती प्रसिद्ध केली. दोघे एकमेकांच्या नात्यातले नव्हते, पण दोघांच्याही आईवडिलांचे लग्न रक्ताच्या नात्यात झालेले होते. दोघांची उंची वयाच्या मानाने फार कमी, बौद्धिक वाढ खूप मागे, चेहऱ्याची ठेवणही वेगळी. आणि दोघांनाही पुन्हा पुन्हा जिवाणूंचा संसर्ग होत होता: न्यूमोनिया, कानाचा संसर्ग, त्वचेखालची सूज, हिरड्यांचा दाह.

डॉक्टरांना कोड्यात टाकणाऱ्या गोष्टी दोन होत्या. जिवाणूंचा संसर्ग असूनही त्या जागी पू जवळजवळ होत नव्हता. पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. तो नाही, याचा अर्थ पेशी तिथे पोहोचतच नाहीत. मग रक्तात त्यांचा तुटवडा असेल असे वाटावे, तर तिथे उलटेच चित्र. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. या आजारात संसर्ग नसतानाही त्या २५,०००च्या घरात राहतात आणि संसर्ग झाला की दीड लाखापर्यंत चढतात. रक्तात पेशींची गर्दी आणि जखमेत दुष्काळ.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तपासल्या गेल्या. जिवाणू गिळण्याची त्यांची क्षमता व्यवस्थित होती. हालचाल मात्र फार मंदावलेली. टी आणि बी लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही आपापले काम करत होत्या.

पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीला चिकटू शकत नाहीत असा एक आनुवंशिक आजार तोवर माहीत झालेला होता. त्यात पेशीच्या पृष्ठभागावरचे सीडी-१८ हे प्रथिन नसते किंवा फार कमी असते. अशा बाळांची नाळ वेळेवर गळत नाही, संसर्ग भयंकर होतात आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले नाही तर तीव्र स्वरूपात बरीच बाळे लहानपणीच दगावतात. साहजिकच संशय तिकडे गेला. पण या दोन मुलांच्या न्यूट्रोफिलवर सीडी-१८ भरपूर होते, आणि त्यांची नाळही वेळेवर गळली होती.

म्हणजे लक्षणे ओळखीची आणि दोषी मात्र दुसराच कोणीतरी. त्याचा पत्ता मिळाला तो रक्तगटाच्या तपासणीतून. दोन्ही मुलांचा रक्तगट निघाला ‘बॉम्बे’.

मुंबईचा धागा

१९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांसोबत ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. केईएम रुग्णालयातल्या रक्ततपासणीत असे रक्त समोर आले होते की वरवर ते ओ गटाचे वाटावे, पण ओ गटाची कोणतीही पिशवी त्याला जुळू नये.

कारण असे. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या कणांच्या लहान लहान साखळ्या असतात. त्यांच्या टोकाजवळच्या गॅलॅक्टोजला फ्युकोज नावाची साखर जोडली की एच प्रतिजन, म्हणजे पेशी आपली की परकी हे शरीर ज्यावरून ओळखते अशी एक खूण, तयार होते. त्याच्यावर आणखी एक विशिष्ट साखर बसली की ए, दुसरी बसली की बी, आणि काहीच बसले नाही, एच तसेच उघडे राहिले, की ओ. बॉम्बे गटात हा पायाच नसतो. फ्युकोज जोडणारे एन्झाइम काम करत नाही, त्यामुळे एच नाही आणि एच नाही म्हणून ए-बीही नाहीत. अशा माणसाच्या रक्तात एचविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. त्यामुळे ज्याला आपण ‘सर्वांना चालणारे’ म्हणतो ते ओ गटाचे रक्त त्याच्यासाठी सर्वांत धोक्याचे ठरते, कारण एच प्रतिजन सर्वांत जास्त त्याच्यावर असते. मुंबई परिसरात दहा हजारांत साधारण एक माणूस या गटाचा सापडतो, युरोपात दहा लाखांत एक.

आता खरा प्रश्न. महाराष्ट्रात बॉम्बे गटाची माणसे आहेत. ती शाळेत जातात, शेती करतात, लेकरे वाढवतात. त्यांना असे संसर्ग होत नाहीत, त्यांच्या बुद्धीत किंवा वाढीत काही कमी नसते. मग हायफाच्या मुलांचे असे का व्हावे?

उत्तराचा पहिला भाग प्रयोगशाळेच्या कागदावरच होता. या मुलांमध्ये फक्त एच नव्हे, तर लुईस नावाची प्रतिजनेही नव्हती आणि लाळेसारख्या स्रावांतली एचसदृश साखरही नव्हती. या सगळ्या साखळ्यांमध्ये फ्युकोज बसवणारी एन्झाइम एकच नाहीत. वेगवेगळी जनुके, वेगवेगळी एन्झाइम, फ्युकोज जोडण्याच्या जागाही वेगळ्या. हे सगळे कारागीर एकाच वेळी बिघडले असे मानण्यापेक्षा कच्चा मालच पोहोचत नाही असे मानणे जास्त शहाणपणाचे होते. बॉम्बे गटाच्या निरोगी माणसात फ्युकोजचा साठा असतो, फक्त तो एका जागी बसवणारा हात नसतो. या मुलांत फ्युकोजच कुठे दिसत नव्हते.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती ही पायरी. रक्तगट ही कोणत्याही रुग्णालयातली सर्वांत साधी आणि स्वस्त तपासणी. तिचा निकाल पांढऱ्या पेशींच्या आजाराशी जोडून पाहायचे कुणाला सुचले नसते तर ही मुले ‘कारण न समजलेला प्रतिकारदोष’ या खान्यातच राहिली असती.

पृष्ठभागावर काय घडते

न्यूट्रोफिल रक्तातून बाहेर कसा पडतो हे समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

लहान शिरेतही रक्त वेगाने वाहते. मोकळा वाहणारा न्यूट्रोफिल सेकंदाला शेकडो मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे जातो, आणि तो स्वतः दहा-बारा मायक्रॉनचा. एवढ्या वेगात त्याला भिंतीवर एका जागी थांबायचे असते. खाडीच्या ओढीत होडी धक्क्याला लावताना नावाडी आधी वल्ह्याने, हाताने धक्का चाचपत वेग मारतो आणि दोर नंतर बांधतो. न्यूट्रोफिलचेही असेच दोन टप्पे आहेत, आणि दोन्हींची साधने वेगळी आहेत.

ऊतीत संसर्ग झाला की जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी आपला पृष्ठभाग बदलतात. त्यांच्या आत पी-सिलेक्टिन हे प्रथिन तयार ठेवलेले असते, ते काही मिनिटांत वर येते. ई-सिलेक्टिन नव्याने घडवावे लागते, त्याला काही तास लागतात. ही सिलेक्टिन म्हणजे साखर पकडणारी प्रथिने. न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावर सायलिल लुईस एक्स नावाची चार साखरांची रचना असते, तिला ती धरतात. ही पकड क्षणभराची असते. एक सुटते तोवर दुसरी लागते आणि पेशी भिंतीवरून गडगडत, मंदावत जाते. गंमत अशी की पी-सिलेक्टिनची ही पकड थोडी ओढली गेली तर आधी अधिक टिकते, फार ओढली की सुटते. म्हणजे रक्ताचा प्रवाहच तिला काम करायला मदत करतो.

पेशी मंदावली की अस्तरावर असलेले रासायनिक संदेश तिला लागतात. मग तिच्या पृष्ठभागावरची इंटिग्रिन प्रथिने ताठ होतात, भिंतीला घट्ट धरतात, पेशी चपटी होते आणि फटीतून ऊतीत उतरते. सीडी-१८ हा याच इंटिग्रिनचा भाग.

सायलिल लुईस एक्सच्या चार साखरांपैकी एक फ्युकोज आहे. ते नसेल तर सिलेक्टिनला धरायला काही उरत नाही. हायफाच्या मुलांच्या न्यूट्रोफिलवर ही रचना नव्हती आणि ते ई-सिलेक्टिनला चिकटत नव्हते. होडी धक्क्यासमोरून जात होती, दोरही तयार होता, पण वेग मारायचे साधनच नव्हते.

काळाचा योगही असा की याच सुमारास हे दोन टप्पे प्रयोगशाळेत वेगळे करून दाखवले गेले होते. १९९१ साली बोस्टनच्या लॉरेन्स आणि स्प्रिंगर यांनी काचेच्या पट्टीवर केवळ पी-सिलेक्टिन आणि इंटिग्रिनचा जोडीदार लावून, वरून पेशी वाहवून, गडगडणे आणि चिकटणे या दोन स्वतंत्र क्रिया असल्याचे सिद्ध केले होते. त्याच्या आदल्या वर्षी सायलिल लुईस एक्स हीच ई-सिलेक्टिनची खूण असल्याचे कळले होते, आणि ते शोधणाऱ्यांपैकी काही जण हायफाच्या निबंधात सहलेखक आहेत. पण काचेवर दिसते ते माणसाच्या अंगात खरेच लागू पडते का, याची खात्री निसर्गाने केलेल्या या प्रयोगातून झाली.

१९९३ साली ही खात्री डोळ्यांनी पाहता आली. फॉन आंद्रियन यांच्या गटाने दोन्ही आजारांच्या रुग्णांचे न्यूट्रोफिल सशाच्या आतड्याच्या पडद्यातल्या बारीक शिरांत सोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. निरोगी माणसाच्या साधारण ३० टक्के पेशी भिंतीवर गडगडल्या. सीडी-१८ नसलेल्या रुग्णाच्याही तितक्याच गडगडल्या, पण चिकटल्या नाहीत. फ्युकोज नसलेल्या रुग्णाच्या मात्र जेमतेम ५ टक्केच गडगडल्या. पुढे प्रवाह थांबवून पाहिले तेव्हा फ्युकोज नसलेल्या पेशी नीट चिकटल्या आणि बाहेरही पडल्या. सीडी-१८ नसलेल्यांना थांबलेल्या रक्तातही ते जमले नाही.

या एका निरीक्षणाने रुग्णांच्या तब्येतीतला फरकही उलगडला. हायफाच्या मुलांचे संसर्ग सीडी-१८ नसलेल्या आजाराइतके जीवघेणे नव्हते आणि वय वाढेल तसे कमी होत गेले. जिथे सूज येऊन रक्त मंदावते किंवा थांबते तिथे त्यांचे न्यूट्रोफिल गडगडण्याचा टप्पा गाळून थेट इंटिग्रिनने भिंत धरू शकत असावेत. हिरड्यांचा दाह मात्र त्यांची पाठ सोडत नाही.

आणि इथेच लाल पेशीशी तुलना करण्यासारखी आहे. बॉम्बे गटाच्या माणसाच्या लाल पेशीवरूनही फ्युकोज गेलेले असते, पण ती प्राणवायू वाहायचे काम नेहमीसारखे करते. तिला कुठे थांबायचे नसते, कुणाला धरायचे नसते. न्यूट्रोफिलचे सारे आयुष्यच धरण्या-सोडण्यावर बेतलेले. तीच साखर एका पेशीवरून गेली तर फक्त रक्तपेढीला फरक पडतो, दुसरीवरून गेली तर मूल आजारी पडते. म्हणून ‘पृष्ठभागावरचा अमुक रेणू काय करतो’ असा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या पेशीवर, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

दोष सापडेपर्यंत

फ्युकोज पृष्ठभागावर येण्यापूर्वी त्याचा प्रवास असा असतो. पेशीद्रवात मुख्यतः मॅनोज या साखरेपासून जीडीपी-फ्युकोज हे तयार रूप बनते. अन्नातून किंवा जुन्या रेणूंच्या तुटण्यातून मिळालेले फ्युकोजही त्याच रूपात आणता येते, हा दुसरा, छोटा रस्ता. मग ते गॉल्जी या कप्प्यात न्यावे लागते, कारण साखर जोडणारी एन्झाइम तिथे असतात. गॉल्जीच्या पटलातून आत नेण्यासाठी एक वाहक प्रथिन लागते.

आधी संशय गेला मॅनोजपासून फ्युकोज बनवणाऱ्या एन्झाइमवर. रुग्णांच्या पेशींत त्याचे काम कमी दिसतही होते, पण त्याच्या जनुकात दोष सापडला नाही. मग लक्ष वाहकाकडे वळले. २००१ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये जर्मनीतल्या दोन गटांचे निबंध एकाच वेळी आले. दोन्ही गटांनी गॉल्जीतल्या जीडीपी-फ्युकोज वाहकाचे जनुक शोधून काढले होते आणि रुग्णांत तेच बिघडलेले होते. निरोगी जनुक रुग्णाच्या पेशीत घातल्यावर तिच्या पृष्ठभागावर फ्युकोज परत आले. ते आले की नाही हे पाहायला एका भूछत्रातून काढलेले, फ्युकोजला चिकटणारे लेक्टिन, म्हणजे साखर ओळखून धरणारे प्रथिन, वापरले जाते. या जनुकाला आज एसएलसी३५सी१ म्हणतात.

साखर पाजल्यावर

जनुक सापडायच्या आधीच, १९९९ साली, जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात थॉर्स्टन मार्क्वार्ट यांच्या गटाने या आजाराच्या एका तुर्की मुलाला तोंडावाटे फ्युकोज द्यायला सुरुवात केली. विचार सरळ होता: छोट्या रस्त्याने माल वाढवला, पेशीद्रवात त्याची दाटी झाली, तर अशक्त वाहकही थोडा तरी आत नेईल.

यात एक खरा धोका होता, आणि तो पुन्हा रक्तगटाचाच. मुलाच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडे होती. फ्युकोज परत आले आणि लाल पेशींवर एच उगवले, तर त्याचेच शरीर त्याच्या लाल पेशी फोडू लागणार. उपचाराचे यश आणि उपचाराचे संकट एकाच रेणूतून येणार होते. सुदैवाने तसे झाले नाही. न्यूट्रोफिलवर सिलेक्टिनला धरणाऱ्या रचना परतल्या, लाल पेशींवर एच मात्र आले नाही. नऊ महिन्यांत संसर्ग आणि ताप थांबले आणि न्यूट्रोफिलची संख्या खाली येऊन नेहमीसारखी झाली.

पुढे फ्युकोज देणे थांबवले गेले तेव्हा काही दिवसांतच न्यूट्रोफिलवरच्या त्या रचना नाहीशा झाल्या आणि रक्तातली पांढऱ्या पेशींची संख्या पुन्हा चढली. न्यूट्रोफिल फार दिवस जगत नाही. मज्जेतून येणारी नवी पिढी ज्या साखरेविना जन्मली, तिच्याविनाच रक्तात आली. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. जनुक तेच, मूल तेच. पृष्ठभागावर साखर असताना पेशी रक्तातून बाहेर पडतात, ती गेली की अडकून राहतात.

याच उपचाराचा इस्रायलमधल्या मुलांना मात्र उपयोग झाला नाही. त्यांचा जनुकदोष वेगळा होता. तुर्की मुलाच्या वाहकाची फ्युकोजवरची पकड सैल झाली होती, त्यामुळे माल वाढवून ती भरून निघाली. इस्रायलच्या मुलांच्या वाहकाची नेण्याची ताकदच इतकी घटलेली की दाराशी कितीही माल ठेवला तरी आत जाणे वाढेना. एकाच आजाराच्या नावाखाली दोन निराळे बिघाड, आणि एकासाठी असलेला साधासा उपाय दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही. ज्या दोन मुलांमुळे हा आजार ओळखला गेला, त्यांच्याच वाट्याला हे यावे याचे वाईट वाटते.

आपल्याकडच्या प्रयोगशाळांसाठी

हा आजार अतिशय दुर्मीळ आहे, जगभरातले रुग्ण मोजके. त्यामुळे पहिली गोष्ट बॉम्बे गटाच्या लोकांसाठी. हा रक्तगट म्हणजे आजार नव्हे. तुमच्या पेशींत फ्युकोज आहे, न्यूट्रोफिलवर सायलिल लुईस एक्स आहे, तुमची प्रतिकारशक्ती इतरांसारखीच आहे. तुम्हाला अडचण येते ती रक्त घेताना, आणि म्हणून रक्तदाता म्हणून नाव नोंदवून ठेवणे एवढीच काळजी घ्यायची.

दुसरी गोष्ट रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांसाठी. फक्त पेशींची बाजू तपासली तर बॉम्बे गट ओ म्हणून निसटतो. सीरमची, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवाची, बाजू पाहिली की ते ओ गटाच्या पेशींनाही गोळा करते आणि चूक लगेच उघडी पडते. एचविरुद्धचे लेक्टिन लावून खात्री करता येते. ते युलेक्स युरोपिअस या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात.

तिसरी बालरोगतज्ज्ञांसाठी. लहान मुलाला वारंवार जिवाणूंचा संसर्ग होतो, पू होत नाही आणि न्यूट्रोफिल संसर्ग ओसरल्यावरही चढलेलेच राहतात, तेव्हा फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे एकेका पेशीचा पृष्ठभाग तपासणाऱ्या यंत्रावर, सीडी-१८ पाहिले जाते. मुंबईत केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत ही तपासणी होते. सीडी-१८ व्यवस्थित निघाले आणि मुलाची वाढही मागे असेल, तर तिथेच न थांबता सीडी-१५एस, म्हणजे सायलिल लुईस एक्स, पाहावे आणि रक्तगट दोन्ही बाजूंनी तपासून घ्यावा. गट बॉम्बे निघाला तर शस्त्रक्रियेची किंवा रक्त चढवण्याची वेळ येण्याआधीच बॉम्बे गटाच्या दात्यांची यादी हाताशी ठेवावी लागेल, कारण या मुलांनाही दुसरे कोणतेच रक्त चालत नाही.